मदत हवी आहे: नमकीनच्या कारखान्यात कुठे कोणता स्विच लावावा? (इंदूर)

खमंग_इंदूर:

नमस्कार मंडळी. सांवेर रोडला आमचा शेव-नमकीनचा छोटा कारखाना आहे. शेजारचा गाळा मिळाला म्हणून काम वाढवतोय. वायरिंग नव्याने करायचंच आहे तर जुने स्विचही सगळे बदलून टाकू असं ठरलंय. खरेदी आणि हिशेब माझ्याकडे आहेत. विजेचं शिक्षण नाही, पण कुठल्या मशीनला किती एचपीची मोटर आहे ते तोंडपाठ आहे.

अडचण अशी की महाराणी रोडवरून जे कोटेशन आलंय त्यात सगळीकडे एकच माल आहे: प्लास्टिकच्या पेटीतला रोटरी (फिरवायचा) स्विच, ३२ अँपिअर, आयपी६५ (धूळ आणि पाणी किती अडतं त्याचा आकडा). दुकानदार म्हणतात, "आयपी६५ म्हणजे धूळ नाही, पाणी नाही, विषय संपला." मला ते पटत नाहीये, कारण आमच्याकडे एका छपराखाली सगळ्या तऱ्हेच्या जागा आहेत.

चक्कीची खोली सगळ्यात वाईट. तिथे १० एचपीच्या पल्व्हरायझरवर चणाडाळ दळतो, दार उघडलं की हवा पिवळी दिसते. पुढच्या खोलीत पीठ मळायचं मशीन (३ एचपी) आणि शेव पाडायचं मशीन. तिथे हात कायम पिठाचे आणि तेलाचे. मग भट्ट्या. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही, आणि भिंतींवर तेलाचा चिकट थर बसतो. गॅसचे सिलिंडर मागच्या शेडमध्ये आहेत, तिथे दिव्याचा एक स्विच आहे. ट्रे आणि मशीनचे सुटे भाग धुवायला मोरी आहे. तिथे गरम पाणी, कॉस्टिक आणि प्रेशरचा पाइप. शेवटी पॅकिंग, ते स्वच्छ आणि कोरडं.

परवा मिस्त्रीने मळायच्या मशीनचं जुनं पुश बटण उघडलं. हिरवं बटण दाबलं की आतच राहायचं, नखाने उचकून वर काढावं लागायचं. झाकण काढलं तर बटणाच्या दांड्याभोवती पीठ आणि तेल मिळून मेणासारखी गच्च वळी बसलेली. केबल जिथून आत येते त्या भोकाशी पिठाचा ढीग, आणि टर्मिनलचे स्क्रू पिवळ्या थराखाली दिसतसुद्धा नव्हते. त्या पेटीवरही आयपी६५च छापलेलं होतं.

तर प्रत्येक जागेसाठी नेमकं काय बघून स्विच घ्यायचा? दुकानात काय विचारायचं? पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. मशीनवर काम करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं आमच्याकडे आहेत, त्यांच्या हाताला काही होता कामा नये.

पिथमपूरचा_फिटर:

ताई, आधी मळायच्या मशीनचं बघा, ते उद्यावर टाकू नका. हिरवं बटण आत अडकणं हा नुसता त्रास नाही, धोका आहे. पुश बटण स्टार्टरचा मोठा गुण हा, की लाईट गेली की कॉन्टॅक्टर (स्टार्टरच्या आतला, मोटरला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटतो आणि लाईट परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन फिरत नाही. बटण आत अडकलेलं असेल तर हा गुणच गेला. लाईट आली की मशीन आपोआप सुरू, आणि नेमकं तेव्हा कुणी भांड्यात हात घालून पीठ काढत असेल तर?

आता कोटेशनमधला रोटरी स्विच थेट मोटरला लावलात तर बटण न अडकताही हेच होणार. तो लाईट गेल्यावरही 'चालू'वरच उभा राहतो. म्हणून जिथे हात जातो त्या मशीनला स्टार्टरच हवा. बटणांवर रबरी टोपी असलेली घ्या, म्हणजे दांड्याभोवती पीठ बसायला फटच राहत नाही. टोपी फाटली की त्याच दिवशी बदला. शिवाय आणीबाणीत मशीन थांबवायला लाल मशरूम बटण, पिवळ्या पाटीवर, दाबलं की आतच राहणारं आणि फिरवल्यावर सुटणारं. त्याचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, दाबलं की तुटणारा) थेट उघडणारा हवा. त्याला वर्तुळातल्या बाणाची खूण असते, ती बघून घ्या. स्प्रिंगवर विसंबणारा स्वस्त कॉन्टॅक्ट चिकटला तर बटण दाबूनही मशीन थांबणार नाही. आणि मशरूम सोडवल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, पुन्हा हिरवं दाबावंच लागलं पाहिजे.

रोटरी स्विच बाद नाही, त्याची जागा वेगळी. प्रत्येक मशीनजवळ आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच) म्हणून लावा, शून्यावर कुलूप घालता येईल असा. मशीन आतून साफ करायचं तर स्विच शून्यावर, कुलूप लावायचं, आणि किल्ली साफ करणाऱ्या बाईच्या कमरेला.

३२ अँपिअरबद्दल दुकानदाराला एकच विचारा: "हे एसी-२१ला की एसी-२३ला?" एसी-२१ म्हणजे हीटरसारखा साधा लोड, एसी-२३ म्हणजे मोटर. एकाच स्विचचा आकडा मोटरसाठी कमी भरतो आणि पेटीवर बहुतेक वेळा मोठा आकडाच ठळक छापतात. तुमची १० एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण १४ अँपिअर घेते, पण थेट सुरू केली तर त्या क्षणी सहा-सात पट. कॉन्टॅक्टरला हेच एसी-३ म्हणून बघायचं.

राऊ_वायरिंग:

एवढा विचार कशाला? सगळीकडे आयपी६७ घ्या आणि मोकळे व्हा. ६७ हे ६५च्या वरचंच.

पिथमपूरचा_फिटर:

दादा, पाण्याच्या बाबतीत ते तसं चढत जात नाही. दुसरा आकडा ५ आणि ६ म्हणजे पाण्याचा मारा, ७ म्हणजे १ मीटरपर्यंत पाण्यात ३० मिनिटं बुडवणं. बुडवण्याच्या चाचणीत पास झालेली पेटी माऱ्यात टिकेलच असं नाही. दोन्ही हवं असेल तर पेटीवर दोन्ही आकडे लिहिलेले असतात. ताईंच्या मोरीत मारा आहे, तिथे निदान ६६. जवळून गरम पाण्याचं हाय प्रेशर मशीन मारणार असाल तर ६९.

आणि मोरीत प्लास्टिक नकोच. त्या पेट्या बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटच्या असतात. कॉस्टिकने ते ठिसूळ होतं, आधी बारीक तडे जातात आणि मग कोपरा तुटतो. ३०४ स्टीलची पेटी घ्या. त्याहून बरं म्हणजे स्विच मोरीच्या भिंतीपलीकडेच लावा.

बडोदेकर:

चक्कीच्या खोलीबद्दल लिहितो, कारण त्याकडे कुणी वळलं नाही. मी नंदेसरीच्या बाजूला केमिकल प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल बघतो. ताई, बेसन हवेत उडतं तेव्हा ते नुसती घाण नसतं, ते पेटू शकतं. बंद खोलीत पिठाचा ढग आणि त्यात एक ठिणगी, एवढ्यावर स्फोट होतो. साधा स्विच उघडताना आत ठिणगी पडतेच.

अशा जागांचं झोनमध्ये वर्गीकरण करतात. धुळीसाठी २०, २१, २२. ढग नेहमीच्या कामात अधूनमधून होत असेल तर २१, क्वचित आणि थोडाच वेळ होत असेल तर २२. हे जाणकार माणसाला खोलीत उभं करूनच ठरवून घ्या, इथे बसून मी सांगणं बरोबर नाही. २१ निघाला तर उपकरणावर एक्स टीबी (पेटू शकणाऱ्या धुळीत चालणाऱ्या उपकरणाची खूण) हवं, गट थ्री-बी, आणि कमाल पृष्ठ तापमान लिहिलेलं हवं. थ्री-बी म्हणजे बेसनासारखी वीजवाहक नसलेली धूळ.

इथेच फसगत होते. दुकानात "फ्लेमप्रूफ" म्हणून जड ॲल्युमिनियमची पेटी हातात ठेवतात. तिच्यावर फक्त एक्स डी लिहिलेलं असेल तर ती वायूसाठी आहे, धुळीसाठी नाही. दोन्ही चाचण्या झालेल्या पेट्या मिळतात, पण ते खुणेत लिहिलेलं दिसलं पाहिजे, आणि प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.

माझा सल्ला: स्टार्टर आणि आयसोलेटर चक्कीच्या खोलीबाहेर न्या, खोलीची भिंत मशीनपासून लांब नसेलच. आत फक्त लाल मशरूम ठेवा, योग्य खुणेचं. ठिणगी पाडणारी वस्तू आत जितकी कमी तितकं बरं. आणि साफसफाईला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बसलेलं पीठ उडून पुन्हा ढग होतो. व्हॅक्यूम वापरा, पण तोही अशा धुळीसाठीचाच.

सिलिंडरच्या शेडमधला दिव्याचा स्विच तर आजच बाहेर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि गटारीत उतरतो. आतला दिवा मात्र वायूसाठीच्या खुणेचा लागेल.

खमंग_इंदूर:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीला हे वाचून दाखवलं. सिलिंडरच्या शेडचा स्विच बाहेर निघाला, आणि मळायच्या मशीनला तात्पुरतं नवीन बटण बसलं.

दोन गोष्टी विचारते. जुन्या पेटीवर ६५ लिहिलेलं असून पीठ आत गेलं कसं? आणि भट्टीजवळचं स्टार्टर पॅनेल मे महिन्यात वारंवार ट्रिप होतं. मिस्त्री म्हणतो जाळी कापून पंखा बसवू.

पिथमपूरचा_फिटर:

पीठ ग्लँडमधून (केबल पेटीत जिथून शिरते तिथल्या रबरी घट्ट बुचातून) गेलं. पेटीवरचा आकडा पेटीचा असतो, तिला पाडलेल्या भोकाचा नाही. ग्लँड केबलच्या बाहेरच्या जाडीनुसार घ्यायचा, म्हणजे रबर चारी बाजूंनी घट्ट बसतं. २० मिमीच्या ग्लँडमध्ये बारीक केबल घालून टेप गुंडाळली की ६५ संपलं. केबल खालून आत घ्या, आणि न वापरलेलं प्रत्येक भोक प्लगने बंद करा. झाकणाचे चारही स्क्रू लागले पाहिजेत. बऱ्याच कारखान्यांत दोनच असतात.

जाळी कापू नका. तेलाची वाफ थेट कॉन्टॅक्टरवर जाऊन बसेल. ही स्विचगिअर सहसा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी ठरवलेली असते. इंदूरच्या मे महिन्यात पारा तसाच ४०च्या वर जातो, त्यात भट्टी. ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) उष्णतेवरच चालतो, म्हणून मोटरवर जादा लोड नसतानाही सुटत असेल. सेटिंग वाढवून वेळ मारून नेऊ नका, त्याने मोटर जळते. आधी क्लॅम्प मीटरने मोटरचा करंट मोजा. नेमप्लेटच्या आत असेल तर पॅनेल भट्टीपासून दूर भिंतीवर न्या, भट्टीजवळ फक्त बटणं ठेवा. पेटीही एक माप मोठी घ्या, उष्णता बाहेर पडायला पत्रा जास्त मिळतो.

पॅकिंगला डोकं लावू नका, तिथे आयपी५४ पुरे. वाचलेले पैसे चक्कीच्या खोलीत घाला.

बडोदेकर:

ग्लँडबद्दल एक भर. चक्कीच्या खोलीत आत जे मशरूम राहील त्याचा ग्लँड आणि रिकाम्या भोकाचा प्लगही एक्स टीबी खुणेचाच लागेल. पेटी प्रमाणित आणि ग्लँड साधा, असं चालत नाही. ऑर्डरमध्ये ते वेगळं लिहून द्या, नाहीतर दुकानातून साधाच येतो.

खमंग_इंदूर:

लिहून घेतलं. कोटेशन परत पाठवते, जागेप्रमाणे वेगळ्या ओळी करून, आणि मोटरच्या प्रत्येक स्विचपुढे एसी-२३चा आकडा मागते. झोन ठरवणारा माणूस इंदूरात किंवा पिथमपूरला कुणाच्या ओळखीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. चक्कीच्या खोलीचं वायरिंग तोवर थांबवलंय.