ईमेलमधली लिंक दाबली अन् काहीच झालं नाही : तुमचा किस्सा सांगा

परवा पुतणीच्या नर्सिंग प्रवेशाची मेल आली. 'ईमेल पडताळण्यासाठी इथे क्लिक करा.' पोरीनं क्लिक केलं, मग जोरात क्लिक केलं, मग मला हाक मारली. बोटाच्या जोरावर लिंक उघडत असती तर आमच्या गावात कुणाचंच अडलं नसतं. शेवटी लिंकवर माउसचं उजवं बटण दाबून पत्ता कॉपी केला, ब्राउझर वेगळा उघडून वरच्या पट्टीत चिकटवला, काम झालं. पण ही झाली मलमपट्टी. मूळ दुखणं ज्यांनी शोधलं असेल त्यांनी लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालते.

सेतू केंद्रवाला, दारव्हा तालुका

माह्या कॉम्प्युटरची रॅम ४ जीबी. निकालानंतर दाखल्यांची गर्दी अन् मशीन रांगते. म्या रागात क्रोम काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आउटलुकमधी, म्हंजे मेल पाहाच्या प्रोग्राममधी, लिंक दाबली त इंग्रजीत पाटी आली : या कॉम्प्युटरवर निर्बंध असल्यामुळे हे काम रद्द, सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरले भेटा. आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बी मीच अन् चपराशी बी मीच, भेटू कोणाले? समोर एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसलेली. तिची नजर माह्यावर, माही पाटीवर.

मले वाटलं व्हायरस. अर्धा दिवस स्कॅन करण्यात गेला. निर्बंध-बिर्बंध काही नव्हते राजेहो. आउटलुक लिंक सोता उघडत नाही, विंडोजले विचारते कोणाले देऊ म्हनून. क्रोम गेलं, पण रजिस्ट्रीत, म्हंजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, नाव त्याचंच. म्हंजे सातबाऱ्यावर मेलेल्याचं नाव अन् फेरफार झालाच नाही!

क्रोम परत टाकलं, सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स इथं जाऊन वेब ब्राउझर म्हनून निवडलं, मशीन बंद करून चालू केलं. तेवढ्यानंच झालं. नाही झालं त रजिस्ट्री एडिटरमधी 'एचकी करंट युजर', त्यात सॉफ्टवेअर, क्लासेस, मंग '.एचटीएमएल'. तिथं डिफॉल्टपुढं 'क्रोमएचटीएमएल' दिसलं त 'एचटीएमएलफाइल' लिहा. आधी जुन्या नोंदीची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवा, नाही त फेरफाराच्या नादात वावरच जाईल.

संत्रा बागायतदार, वरुड

माझं मोबाइलवर. लिंक उघडायची, पण जीमेलच्या पोटातच. फॉर्म भरत आलो की ओटीपी मेलवर यायचा. तो पाहायला मागं गेलो की पान बंद अन् फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. तीनदा झालं. मुलानं जीमेलच्या तीन रेघांतून सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज काढून 'ओपन वेब लिंक्स इन जीमेल'ची खूण काढली. आता लिंक सरळ ब्राउझरमध्ये जाते अन् ओटीपी पाहून परतता येतं.

शिक्षिका, सिंदेवाही तालुका

शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिंक ब्राउझरपर्यंत जायची, पण पुढे 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा लाल इशारा. प्रत्येक लिंकला तेच. आठवीतल्या एका मुलानं कोपऱ्यातली तारीख दाखवली : १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल संपलेला, लाइट गेली की घड्याळ मागे. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. २००९ मध्ये बसलेल्या ब्राउझरला ते अजून निघालेलंच नाही! सेल सीआर २०३२, बाजाराच्या दिवशी घड्याळवाल्याकडे मिळाला. तारीख नीट केली, इशारा गेला. मेलला शिव्या घालत होते त्या परत घेतल्या.

विद्यार्थिनी, मेहकर

माझी लिंक अर्धी निळी, अर्धी काळी होती. दाबली की 'पान सापडलं नाही'. साध्या मजकुराच्या मेलमध्ये ओळ ७८ अक्षरांपेक्षा मोठी नसावी असा संकेत आहे, म्हणून लांबलचक पत्ता मधेच तुटून खालच्या ओळीवर गेलेला. नोटपॅडमध्ये दोन्ही तुकडे जोडले, मधली जागा काढली, उघडलं. शेवटी चिकटलेलं पूर्णविरामाचं टिंबही काढा, त्यानं माझी आणखी दहा मिनिटं खाल्ली.

निवृत्त ग्रामसेवक, चिखली

आउटलुकच्या जंक फोल्डरमध्ये गेलेल्या मेलमधल्या लिंका मुद्दामच बंद ठेवलेल्या असतात, इनबॉक्समध्ये आणल्याशिवाय चालत नाहीत. मी एक मेल आणायच्याच बेतात होतो. 'आज रात्री वीज कापणार, इथे बिल भरा.' पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहिला अन् तिथंच ठेवला. आमच्याकडे लाइट कापायला मेलची गरज पडत नाही, ढग आले तरी जाते.

पुन्हा सेतूवाला

विंडोज ११ साठी दोघातिघांनी इचारलं. २०२१ मधी ते आलं तेव्हा एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएमएल असे लिंकचे अन् फाइलचे प्रकार एकेक करून बदलावे लागत. आता डिफॉल्ट अ‍ॅप्समधी ब्राउझरच्या नावावर गेलं की वरच 'सेट डिफॉल्ट' बटन हाय. दाबल्यावर खालची यादी वाचून घ्या, एचटीटीपीएसपुढं दुसऱ्याचं नाव राहिलं असन त ते हातानं बदला. अन् त्या बाईचा दाखला त्याच दिवशी संध्याकाळी निघाला.