अ‍ॅमस्टरडॅमचं ‘विटांचं गोदाम’: बघायचं की वगळायचं?

रोकिनकर

या आठवड्यात इथे ‘धावती युरोप टूर’ असा एक लेख आला. त्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीला, म्हणजे बर्स फान बेर्लाखेला, तीन वाक्यं मिळाली: “विटांचं गोदाम आहे. दार बंद असतं. बाहेरच्या बैलासोबत फोटो काढा आणि बोटीत बसा.” शिवाय एक शेरा, की जगातला पहिला शेअर बाजार म्हणून उगाच हवा केलीय. खाली ‘छान माहिती’, ‘पैसे वाचवलेत’ वगैरे. उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी बैल. तो 2012 साली आणून ठेवलाय, न्यूयॉर्कचा बैल ज्याने केला त्याच शिल्पकाराचा. इमारतीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘पहिला बाजार’ ही हवा इमारतीने केलेली नाही, तुमच्या गाइडने केलीय. व्हीओसीचे, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीचे, शेअर 1602 मध्ये विकले गेले. त्यांच्या सौद्यांसाठी हेंड्रिक द कायझर या वास्तुकाराने रोकिन रस्त्यावर इमारत बांधली, ती 1611 ची. ती 1835 मध्ये पाडली. मग 1845 मध्ये डाम चौकात दुसरी आली, खांबबिंब असलेली. तीही गेली, तिच्या जागेवर आज बायेनकोर्फचं दुकान आहे, जिथे तुमची टूर नक्की गेली असणार. आपण बोलतोय ती 1903 ची.

आता गोदाम. 1884 ला या इमारतीसाठी स्पर्धा ठेवली होती. पहिल्या आलेल्या फ्रेंच माणसाने दर्शनी भाग ला रोशेलच्या नगरभवनावरून उचलल्याचा बोभाटा झाला आणि सगळं बारगळलं. 1896 मध्ये काम वास्तुकार बेर्लाखेकडे आलं. त्याने आपल्याच आधीच्या आराखड्यातले मनोरे, कलाकुसर छाटत छाटत भिंत उरवली. आत दगडी खांबांचे माथे बघा, विटांच्या भिंतीच्या बरोब्बर सपाटीत कापलेत, हात फिरवला तर कुठे अडत नाही. छताच्या लोखंडी कमानी झाकलेल्या नाहीत, रिवेट मोजता येतात. त्या काळी शेटजींचा बाजार म्हणजे संगमरवर आणि सोनेरी मुलामा. हा समाजवादी वळणाचा माणूस म्हणाला, ज्यावर इमारत उभी आहे तेच दाखवीन. याला गोदाम म्हणायचं तर म्हणा, पण निदान माहिती असून म्हणा.

बिनपगारी_प्रवासी

तो लेख माझा. एवढं रागावण्यासारखं काय होतं?

मी गेलो तेव्हा आत कसली तरी परिषद होती. गळ्यात बिल्ला असेल तर आत, नसेल तर टाटा. पोरांनी दारातूनच नाक मुरडलं. रिवेट कुठे मोजायचे, फटीतून? सर्वसामान्य माणसाला ज्या इमारतीत शिरताच येत नाही ती ‘बघण्यासारखी’ कशी? तुमच्यासारखे तिथेच राहणारे कधीही जातात, आमची बस पार्किंगमध्ये उभी असते.

आणि सौंदर्य कळायला आधी स्पर्धेचा इतिहास पाठ करावा लागत असेल तर माफ करा. ताजमहालला लागत नाही.

तारामती

ताजमहाल आलाच! वाटच बघत होते.

@बिनपगारी_प्रवासी, कॅफे उघडा असतो हो. तिथे यान तोरोप या डच चित्रकाराची टाइल्सची चित्रं आहेत, भूत-वर्तमान-भविष्य. तोरोप जावाचा जन्मलेला. कॉफी घेऊन अर्धा तास बसलं की काम झालं. माझे सासरे तिथे बसून म्हणाले, “चला, कुणीतरी प्लास्टर न करता पैसे वाचवले.” ते आयुष्यभर पीडब्ल्यूडीत होते, त्यांच्या तोंडून ही स्तुती समजावी. विटांच्या सांध्यांकडेच बघत होते, कॉफी गार झाली.

कर्बवरचा_माणूस

कुणीच मुद्द्याचं बोलत नाहीये. बाजार गेला की बाजाराच्या इमारतीत बघायचं काय?

माझे वडील दलाल स्ट्रीटवर एका दलालाकडे होते, रिंगणात. ओरडून ओरडून आवाज इतका बसायचा की रात्री घरी आईशी खुणेनेच बोलायचे. वरणात मीठ कमी असेल तर तळहात आत वळवायचे, म्हणजे ‘घेतो’. आम्हाला शाळेत जायच्या आधी बोटांवरचे भाव कळायचे. 1995 ला बोल्ट आलं, म्हणजे संगणकावरचे सौदे, रिंगण शांत. त्यानंतर ते एकदा आत जाऊन आले आणि म्हणाले, आता इथे लग्नाचा हॉल काढा.

तुमच्या बेर्लाखेत तर खरंच लग्न झालं की. 2002, डच राजपुत्राचं. झालं तेच.

रोकिनकर

वडिलांची आठवण फार छान, मनापासून. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शेअरवाल्यांना ही इमारत पहिल्यापासून आवडली नव्हती, 1913 मध्ये ते बाहेरच्या चौकातच शेजारी दुसरी बांधून निघूनही गेले. म्हणजे ‘बाजार’ म्हणून तिचं आयुष्य तसंही त्रोटक. धान्याचे, मालाचे सौदे होत राहिले. धान्याच्या हॉलला काचा बघा केवढ्या, नमुना तळहातावर घेऊन उजेडात पारखायचा म्हणून. माणसं गेली तरी ती खिडकी सांगते ना कशासाठी होती ते.

सह्याद्रीचा_बोका

खिडकी सांगते. कोपऱ्यावरचा पुतळा काय सांगतो तेही लिहा की. यान पीटरझून कून, व्हीओसीचा गव्हर्नर-जनरल! 1621 मध्ये जायफळासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर माणसं कापून काढली त्याने. त्याला इमारतीच्या कोपऱ्यावर उभा केलाय आणि आमचे एनआरआय खांबांवर हात फिरवतायत. आशियाच्या लुटीवर उभ्या राहिलेल्या इमारतीचं कौतुक मराठीत वाचायला मिळावं, धन्य.

रोकिनकर

व्हीओसी 1799 मध्ये बुडीत निघून बंद झाली. इमारत 1903 ची, नगरपालिकेने बांधलेली. शंभर वर्षांचं अंतर आहे मध्ये. जरा कॅलेंडर बघा.

सह्याद्रीचा_बोका

कॅलेंडर तुमचं, मान्य. मग 1903 मध्ये तो पुतळा भूताने बसवला? कंपनी मेल्यावर शंभर वर्षांनी तिचा माणूस हौसेने दारात उभा करतात, हे जास्त वाईट की कमी वाईट, तेवढं सांगा.

तारामती

हा मुद्दा बरोबर आहे, बोकोबा. इतकं खेकसून सांगितला नसतात तरी पटला असता.

बाकी 1602 च्या शेअरमध्ये सगळे शेटजी नव्हते. नोंदणी ज्याच्या घरी चालली होती त्या दिर्क फान ओसच्या घरातल्या मोलकरणीने, नील्तगेन कॉर्नेलिसने, 100 गिल्डर लावले होते. तिचं नाव वहीत आहे. तिला बांदा बेटं नकाशात तरी माहीत असतील का?

कर्बवरचा_माणूस

मोलकरणीने शेअर घेतला 1602 मध्ये. आमच्या आजोबांनी 1975 मध्ये ‘सट्टा आहे तो, आपलं पोस्ट बरं’ म्हणून फुकट मिळणारा नाकारला. मराठी माणूस...

सह्याद्रीचा_बोका

झालं, आता मराठी माणूस. दर धाग्यात येतो बिचारा.

वेंगुर्ल्याचो

तुम्ही सगळे अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन व्हीओसी शोधताय. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे, कुणी बघितलीय? 1637 मध्ये आदिलशहाकडून परवानगी घेऊन आले. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या आरमाराला पाणी आणि शिधा इथून जायचा. जांभ्या दगडाच्या भिंती, वर छप्पर नाही, खिडकीतून झाड बाहेर आलंय. लहानपणी आम्ही आत लपाछपी खेळायचो, मास्तर बाहेरून ओरडायचे, साप आहे म्हणून. कून इकडे, कून तिकडे. आमका कोण इचारता?

पेठेतला_पंडित

संरक्षित स्मारक आहे ना ते राज्य सरकारचं? मग संरक्षण कोणापासून चाललंय? आणि गावकऱ्यांचं काय? तेही थोडी झाडी तोडू शकतात. सगळीकडे हेच: दगड उचलून न्यायचे, कंपाउंड बांधायचं आणि मग सरकारच्या नावाने शंख.

वेंगुर्ल्याचो

ओ पंडित, जरा तोंड सांभाळून. कुणी दगड नेले? नाव सांगा. संरक्षित स्मारकातली फांदी तोडली तर उद्या आमच्यावरच केस. फलक लावलाय ना, हात लावाल तर दंड. पुण्यात बसून गावकऱ्यांना शहाणपण शिकवणं सोपं असतं. तुमच्याकडे वाड्यांचं काय केलंत ते आधी बघा. एकेक वाडा पाडून पार्किंगसकट सात मजले.

पेठेतला_पंडित

वाड्यांवर आलात म्हणजे मुद्दा संपला. आमचा वाडा आम्ही पाडला नाही, तो पडला. 23 भाडेकरू, प्रत्येकी महिना 18 रुपये भाडं, त्यात कौलं शाकारायची कुणी? मालक म्हणजे जमीनदार नव्हे.

बिनपगारी_प्रवासी

मजा आहे. मी एका इमारतीला तीन वाक्यं दिली तर धागा. वखारीला चारशे वर्षांत कुणी एक वाक्य दिलं नाही, त्यावर भांडण पेठेतल्या भाड्याचं.

रोकिनकर

अहो, तुमच्या लेखामुळेच इथवर आलो. आणि हो, परिषद असेल तर आत सोडत नाहीत, हे मी लिहायला हवं होतं म्हणून कुणी टोमणा मारायच्या आत लिहितो: सोडत नाहीत. जायच्या आधी कार्यक्रम बघून जा. तरी कॅफे, टाइल्स आणि बाहेरची भिंत फुकट आहे. ‘वगळा’ हा सल्ला मला अजूनही आळशी वाटतो.

वेंगुर्ल्याच्या वखारीवर वेगळा धागा काढा. फोटो असतील तर टाका.

वेंगुर्ल्याचो

फोटो काढायला आत जावं लागतं. आत गवत कमरेएवढं. दिवाळीनंतर काढतो.

पेठेतला_पंडित

गणपतीनंतर मालवणला जायचा विचार आहे. वखार रस्त्यात पडते का?

वेंगुर्ल्याचो

रस्त्यात नाय पडत, वाट वाकडी करावी लागता. एसटी स्टँडवर उतरा, कुणालाही विचारा.

पेठेतला_पंडित

रिक्षा मिळेल?

वेंगुर्ल्याचो

मिळेल. मीटर विचारू नका.