रविवारी स्टोअर रूममध्ये कोरडा झाडू नको

सचिव: रविवारी सकाळी ९ वाजता तळमजल्याची स्टोअर रूम झाडायची आहे. उंदरांच्या लेंड्या फार झाल्यात. जमेल त्यांनी झाडू घेऊन या.

१०४ (काकू): सचिवसाहेब, झाडू अजिबात नको. लॅबमध्ये आयुष्य गेलं म्हणून कळकळीने सांगते. उंदराची लेंडी आणि मूत वाळलं की झाडूने त्याची धूळ उडते. त्यात हंटाव्हायरस नावाचा विषाणू असला तर तो त्याच धुळीतून श्वासावाटे आत जातो, उंदीर चावावा लागत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं फुप्फुसांत पाणी भरून गेली, ती यानेच.

३०२: काकू, आपले उंदीर तर चांगले टुणटुणीत आहेत.

१०४ (काकू): तेच तर. विषाणू पोटात बाळगणारा उंदीर आजारी दिसतच नाही.

सचिव: मग साफ करायचं कसं?

१०४ (काकू): आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास सगळे बाहेर. मग हातमोजे, एन-९५ मास्क. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी करून लेंड्या चांगल्या भिजवायच्या आणि पाच मिनिटं थांबायचं. मग जुन्या कागदाने टिपून दोन पिशव्यांत बांधून टाकायच्या. व्हॅक्यूम क्लीनरही नको.

२०१: लेप्टोपण (लेप्टोस्पायरोसिस ताप) यातलाच ना?

१०४ (काकू): उंदराच्या मुतातूनच येतो, पण तो जिवाणू. ते मूत मिसळलेल्या पाण्यातून चाललं की पायाच्या जखमेतून शिरतो. त्यावर अँटिबायोटिक चालतं, विषाणूवर चालत नाही. म्हणून ताप आला तर साचलेल्या पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

४०३: त्याच दिवशी फॉगिंग उरकून घेऊ या का? डासांचाही प्रश्न सुटेल.

१०४ (काकू): धुराने उडते डास मरतात, अंडी नाहीत. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. कुंडीखालच्या ताटल्या नुसत्या ओतू नका, घासा.

५०१: डेंग्यूचं माझंही ऐका. माझ्या भावजयीचा ताप चौथ्या दिवशी उतरला, आम्ही निर्धास्त झालो. त्याच रात्री पोटात कळा, उलट्या, हिरड्यांतून रक्त. थोडक्यात वाचली. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा.

१०४ (काकू): अगदी खरं. आणि अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे.

३०२: आमच्या कुत्र्याला गोचीड झालेत. मी बोटांनी चिरडून टाकतो, चालेल ना?

१०४ (काकू): नको रे दादा! क्रिमियन-काँगो हा विषाणूचा ताप गोचीड चावल्याने येतो तसा चिरडल्यानेही येऊ शकतो. कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडं पटापट मेली, पाठोपाठ माणसं तापली, तेव्हा सापडलेला विषाणूही गोचिडांतूनच पसरतो. माकडताप म्हणतात तो हाच. हातमोजे घाल, चिमट्याने कातडीलगत पकड, सरळ वर ओढ. रॉकेल, काडी काही नको.

३०२: आजच चिमटा आणतो.

सचिव: झाडू रद्द. ब्लीच, हातमोजे, मास्क मी आणतो. लहान मुलांना खाली पाठवू नका.

१०४ (काकू): किल्ली माझ्याकडे द्या. साडेआठला दार उघडते, नऊच्या आत कोणी पाऊल टाकू नका.