डायलिसिसवरील प्राणिप्रयोग: अहवालांवर कितपत विसंबावे?

प्रश्न: उदरपोकळीतील डायलिसिसच्या (पोटात नळीने द्रव सोडून रक्त शुद्ध करण्याच्या) उंदरांवरील प्रयोगांत प्राण्यांची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) गटविभागणी केल्याचे लिहिलेले असते, पण ती कशी केली हे अनेकदा कळत नाही. अशा निष्कर्षांना किती वजन द्यावे?

उत्तर १: उल्लेख नाही म्हणजे केलेच नाही, असे नव्हे, तरीही उदरपटलाची (पोटाच्या आतील अस्तराची) जाडी मोजणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे ठाऊक असल्यास मोजमाप कलू शकते. २०१० मध्ये आलेली व २०२० मध्ये सुधारलेली प्राणिप्रयोगांच्या अहवालांसाठीची 'अराइव्ह' मार्गदर्शक तत्त्वे नमुनासंख्येचा आधार, वगळलेले प्राणी आणि गट कोणापासून लपवले होते हे स्पष्ट लिहायला सांगतात.

उत्तर २: मला मोठी अडचण वेगळीच वाटते. मूत्रपिंडे निरोगी असलेल्या उंदरांवरून काढलेला निष्कर्ष युरेमियाच्या (मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तात टाकाऊ द्रव्ये साचलेल्या) रुग्णाला कसा लावायचा? शिवाय नळीच्या संसर्गाने दगावलेले प्राणी गणनेतून गुपचूप गळले, तर उरलेले चित्र फसवेच.

प्रश्नकर्ता: आता वगळलेल्या प्राण्यांची संख्या आधी पाहीन.