एफएसएचला पुरुषांच्या कागदावर काय म्हणावे?

फोंडेकर: फोंड्यातील एका प्रयोगशाळेच्या सूचनापत्रकाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. स्त्रियांच्या पत्रकात एफएसएचसाठी (फॉलिकल स्टिम्युलेटिंग हॉर्मोन) 'पुटिका-उद्दीपक संप्रेरक' असे लिहिले. परंतु मूल होत नसल्यास हीच तपासणी पुरुषाचीही करतात आणि पुरुषाला पुटिका, म्हणजे अंडाशयातील बीजांड वाढवणारी पिशवी, नसते. मसुदा वाचून एका गृहस्थांनी 'हा बायकोचा कागद आहे' म्हणून तो परत केला. दोघांनाही लागू पडेल असा शब्द आहे का?

माशेलकर: महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात 'पुटिका ग्रंथी संप्रेरक' असा शब्द आहे. मुलांच्या तोंडी तो रुळला आहे. नवा कशाला घडवायचा?

डिचोलकर: तो तर अधिकच फसवा आहे, कारण त्यावरून हे संप्रेरक पुटिकेत तयार होते असे वाटते. प्रत्यक्षात ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. स्त्रियांमध्ये ते अंडाशयातील पुटिका वाढवते, तर पुरुषांमध्ये वृषणातील सर्टोली पेशींमार्फत (वाढत्या शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी) शुक्राणूनिर्मितीस चालना देते. मी 'बीजप्रेरक' सुचवतो. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला तो 'चालना देणे' अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून, आणि आपल्या 'प्रेरक'मधला 'ईर्' धातूही तेच सांगतो.

माशेलकर: मग एलएचला, म्हणजे पीयूषिकेतूनच येणाऱ्या त्याच्या जोडीदार संप्रेरकाला, काय म्हणणार? तेही बीजासाठीच राबते.

म्हापसेकर: मी रोज रक्त घेते. खिडकीशी सगळे 'एफएसएच'च म्हणतात, कोकणी बोलणारेही. तुमच्या उद्दीपक-प्रेरकांमुळे उलट घोटाळाच होतो, कारण आकडा जास्त आला की लोकांना आनंद होतो. वास्तविक अंडाशय किंवा वृषण हाकेला ओ देईनासे झाले की पीयूषिका हाक वाढवते, म्हणून आकडा चढतो. पुरुषात शुक्राणू कमी आणि हा आकडाही कमी असेल, तर संशय पीयूषिकेवर जातो.

डिचोलकर: अर्थ न कळणे हा शब्दाचा दोष नव्हे. आद्याक्षरांना तरी कोणता अर्थ असतो?

म्हापसेकर: नसतो, म्हणून गैरसमजही होत नाही! फोंडेकर, आपण त्या नावापेक्षा दिवसाकडे पाहा. स्त्रियांसाठी 'पाळीच्या तिसऱ्या दिवशी' असे लिहिले आहे की 'पाळीनंतर तीन दिवसांनी'? रक्त साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात घ्यायचे असते, कारण तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असते. ते वाढले की एफएसएच दबते आणि आकडा फसवा येतो. पुरुषाला असे दिवसाचे बंधन नाही. आमच्याकडे एक बाई चौथ्या दिवसाचे न्हाणे आटोपल्यावर मोजायला लागून सातव्या दिवशी आली होती.

माशेलकर: 'स्राव सुरू झाल्याचा दिवस पहिला धरून तिसरा दिवस' असे लिहावे.

डिचोलकर: 'स्राव' कशाला? 'रक्त जाऊ लागल्याचा' म्हणा.

फोंडेकर: आणि रात्री अकराला सुरुवात झाली, तर तो दिवस धरायचा की दुसरी सकाळ?