सीएमटीमध्ये पोटरीच्या एमआरआयवरून स्नायूंची झीज मोजता येते का?

प्रश्न (नाशिकहून एक वाचक)

माझ्या धाकट्या भावाला, वय ३४, सीएमटी १ए, म्हणजे शार्को-मरी-टूथ हा आनुवंशिक मज्जातंतूविकार आहे. सतराव्या गुणसूत्रावरील पीएमपी२२ जनुकाची एक जास्तीची प्रत असल्याचे तपासणीत निघाले. वडिलांनाही तोच विकार आहे. चालताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर त्याच्या ते लक्षात येते. गेल्या महिन्यात पोटऱ्यांचा एमआरआय केला, पण अहवालात ‘सौम्य ते मध्यम मेदसंचय’ एवढेच लिहिले आहे. आजार मज्जातंतूंचा असताना स्नायूंच्या चित्रावरून नेमके काय कळते, आणि दर वर्षी हीच तपासणी केली तर आजार किती वाढला हे आकड्यांत सांगता येईल का?

उत्तर १ (क्ष-किरणशास्त्राचा डॉक्टर)

या विकारात मज्जातंतूंचे मायलिन आवरण सदोष असते, पण अशक्तपणा येतो तो आतले तंतू हळूहळू नष्ट झाल्यामुळे. ज्या स्नायूचे तंतू गेले तो स्नायू वाळतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी झळ बसते, म्हणून सुरुवात तळपायाच्या बारीक स्नायूंपासून होते आणि मग पोटरीची पाळी येते. मज्जातंतूंचा वहनवेग, म्हणजे संदेश वाहून नेण्याचा वेग, मात्र लहानपणीच मंदावलेला असतो आणि पुढे फारसा बदलत नाही, त्यामुळे आजाराची वाटचाल त्यावरून कळत नाही.

आपल्या अहवालातले शब्द डोळ्यांनी पाहून दिलेला अंदाज आहेत. मोजमाप करायचे तर ‘डिक्सन’ पद्धत वापरावी लागते. पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे कण किंचित वेगळ्या वारंवारतेने प्रतिसाद देतात, आणि तेवढ्या फरकावरून प्रत्येक ठिपक्यातला पाण्याचा व चरबीचा वाटा वेगळा काढता येतो. चरबीचा संकेत २० आणि पाण्याचा ८० असेल तर चरबीचे प्रमाण २० टक्के. मग प्रत्येक स्नायूची कड संगणकावर आखून त्याची सरासरी काढतात. यासाठी किरणोत्सर्ग नाही आणि शिरेतून औषधही द्यावे लागत नाही.

लंडनमधील संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. त्यात सीएमटी १ए असलेल्या २० रुग्णांच्या पोटऱ्यांमधील चरबीचे प्रमाण १२ महिन्यांत सरासरी १.२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. आकडा लहान वाटेल, पण इतक्या संथ आजारात एका वर्षात पकडता येईल असा बदल मिळणे हीच मोठी गोष्ट आहे.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट)

डॉक्टरांनी सांगितलेला आकडा औषधांच्या चाचण्यांसाठी का मोलाचा आहे, हे एका जुन्या अनुभवावरून कळेल. इटली आणि ब्रिटनमध्ये २७१ रुग्णांवर दोन वर्षे क जीवनसत्त्वाची चाचणी झाली. औषधाचा लाभ दिसला नाही. पण औषध न घेणाऱ्यांचे आजाराच्या तीव्रतेचे गुणांकनही त्या दोन वर्षांत जेमतेमच हलले होते. ज्या पट्टीवर घसरणच उमटत नाही, तिच्यावर घसरण थांबवणारे औषध ओळखायचे कसे? ही अडचण मला फार गंभीर वाटते, आणि एमआरआयकडून आशा आहे ती यासाठीच.

मात्र २० जणांची सरासरी एका माणसाला जशीच्या तशी लावू नये. यंत्र बदलले किंवा छेद, म्हणजे पोटरीची आडवी प्रतिमा, दोन सेंटिमीटर खालून घेतला, तरी एवढा फरक आजार न वाढताही दिसू शकतो. दर वर्षीच्या एमआरआयपेक्षा आपल्या भावाला घोटा वर उचलण्याची ताकद यंत्राने मोजून घेणे, ठरावीक अंतर चालण्याचा वेळ नोंदवणे आणि पाऊल लोंबत असल्यास एएफओ पट्टा, म्हणजे घोट्याला व पावलाला आधार देणारा पट्टा, बसवून घेणे जास्त उपयोगाचे ठरेल. निसटणारी चप्पल मागून बंद असलेल्या बुटाने आजच बदलावी.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. वडील ६३ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या पोटऱ्या अगदी काठीसारख्या झाल्या आहेत. त्यांचाही एमआरआय करून दोघांची तुलना करावी का?

उत्तर १ (पुन्हा)

तुलनेतून फारसे हाती लागणार नाही, कारण एकाच घरात, एकाच जनुकीय दोषाने होणाऱ्या या विकाराची तीव्रता व्यक्तीगणिक वेगळी असते. शिवाय स्नायू जवळजवळ चरबीनेच भरला असेल तर वाढायला जागा उरत नाही, आणि चरबी अजून आलीच नसेल तर वर्षभरात बदल दिसणे अवघड. मोजण्याजोगे असतात ते मधल्या टप्प्यातले स्नायू. आपले बंधू बहुधा त्या टप्प्यात आहेत. म्हणून त्यांची एक डिक्सन मोजणी पायाभूत नोंद म्हणून करून ठेवावी, असे मी सुचवेन. यंत्र कोणते, गुडघ्यापासून किती सेंटिमीटरवर छेद घेतला आणि प्रत्येक स्नायूचा आकडा किती, हे अहवालात लिहून मागावे. फिल्मबरोबर मूळ डिजिटल प्रतिमांची सीडीही घ्यावी. फिल्मवरून नंतर काहीच मोजता येत नाही.

प्रश्नकर्ता

सीडी मिळाली होती, ती कपाटात तशीच पडून आहे. त्यात डिक्सनच्या प्रतिमा आहेत का, हे उद्याच केंद्रावर जाऊन विचारतो.