डोंबिवली ते नाशिक: बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरचं घर स्वतःच हलवायचंय, बजेट १५,०००

रामनगर_तिसरा_मजला

नमस्कार. ३० एप्रिलला आमच्या भाड्याच्या घराचा करार संपतोय. मिस्टर जानेवारीपासून नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत रुजू झालेत. इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर घरही मिळालंय. इकडे डोंबिवलीत मी, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. त्याची परीक्षा २२ तारखेला संपते, म्हणजे आवराआवरीला जेमतेम आठवडा.

दोन पॅकर्सवाल्यांना बोलावून सामान दाखवलं. एकाने ३४,००० सांगितले. दुसरा २८,००० म्हणाला, पण लिफ्ट नाही म्हणून वर ३,००० वेगळे. नव्या घराचं डिपॉझिट भरल्यावर माझ्याकडे या कामासाठी १५,००० उरलेत आणि त्यातच बसवायचंय.

सामान असं आहे: दोन दारांचा फ्रिज, टॉप लोड वॉशिंग मशीन, लोखंडी कपाट, एक दिवाण, तीन गाद्या, भांडी, पुस्तकं (मी शिकवण्या घेते, त्यामुळे जरा जास्तच) आणि सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन. त्या मशीनवर त्यांनी चाळीस वर्षं ब्लाऊज शिवलेत, मिस्टरांची इंजिनिअरिंगची फी त्यातूनच भरली. त्याला धक्का लागला तर मला स्वतःला माफ करता येणार नाही. शिवाय कैरीच्या आणि लिंबाच्या लोणच्याच्या तीन चिनी मातीच्या बरण्या आहेत. त्या इथे वाटून टाकायला सासूबाई तयार नाहीत आणि माझीही तशी इच्छा नाही.

हे सगळं एका छोट्या हत्तीत बसेल का? हमाल कुठून घ्यायचे, गाडी कशी ठरवायची? गॅसचं काय करायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

कर्वेनगरकर

आम्ही दोन वर्षांपूर्वी पुणे-सातारा असंच केलं. एकच सांगतो, गाडीवाल्याच्या तोंडी शब्दावर राहू नका. आमच्या ड्रायव्हरने आदल्या रात्री नऊला "पक्कं" म्हटलं आणि सकाळी सहाला फोन बंद. सामान जिन्यात, घरमालक दारात आणि आई पायरीवर बसलेली. शेवटी ऐनवेळच्या गाडीला दुप्पट मोजले. ५०० रुपये आगाऊ द्या, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो मागवून घ्या आणि दुसऱ्या एका ड्रायव्हरचा नंबर हाताशी ठेवा.

नऊ_बदल्या

ताई, बँकेच्या नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. परभणी, चाळीसगाव, सावंतवाडी, शेवटी कल्याण, आणि निवृत्तीनंतर आता नाशिकरोड. एकदाही पॅकर्स लावले नाहीत. पंधरा हजारांत तुमचं काम आरामात होईल.

गाडीचं भाडं मोठं दिसतं, पण खरा पैसा जिन्यात जातो. हमाल किती वेळा तीन मजले चढणार आणि तोवर गाडी खाली किती तास खोळंबणार, यावर सगळा हिशेब आहे. म्हणून आजपासून रोज शाळेतून येता-जाता एक पिशवी खाली उतरवा. रद्दी, तुटके डबे, मुलाचे आखूड झालेले कपडे, न वापरलेली लग्नातली भांडी. जे नाशिकला गेल्यावर माळ्यावरच जाणार आहे, त्याला जिना उतरवायचे पैसे का द्यायचे? आम्ही कल्याणहून निघताना ४७ किलो रद्दी विकली.

छोटा हत्ती नको. त्याचा हौदा साधारण सात फुटांचा. तुमचं कपाट, फ्रिज आणि दिवाण यातच तो भरेल आणि दुसरी फेरी करावी लागेल, तीही दीडशे किलोमीटरची. पिकअप घ्या, नऊ फुटांच्या आसपासचा हौदा असलेली.

आता गाडी कुठून, ते सांगतो, कारण इथेच तुमचे निम्मे पैसे वाचतील. नाशिकचा भाजीपाला रात्री निघतो आणि पहाटे कल्याणच्या बाजार समितीत उतरतो. सकाळी सात-आठपर्यंत त्या पिकअप मोकळ्या होतात आणि कितीतरी गाड्या रिकाम्याच परत निघतात. परतीचं डिझेल त्याला जाळायचंच असतं, त्यामुळे तुमचं भाडं म्हणजे त्याची वरकड कमाई. डोंबिवलीतून गाडी केलीत तर परतीचा रिकामा फेरा तुमच्या माथी बसतो. मिस्टरांना एका संध्याकाळी पंचवटीतल्या मार्केट यार्डात पाठवा. चार ड्रायव्हरांशी बोलतील, गाडी डोळ्यांनी बघतील, आणि माणूस तिथलाच असल्यामुळे ऐनवेळी तोंड लपवणार नाही. बोलताना तीन गोष्टी आधीच ठरवा: टोल कोणाचा, गाडी दारात किती तास थांबणार आणि ड्रायव्हर सामानाला हात लावणार की नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, भाजीच्या गाडीचा हौदा ओला असतो. कोपऱ्यांत मेथी-कोथिंबिरीची पानं चिकटलेली असतात, फळीच्या फटीत कांद्याचं पाणी मुरलेलं असतं. त्यावर गादी टेकली तर तो वास महिनाभर जात नाही. झाडून, फडक्याने पुसून घ्या आणि खाली जाड प्लास्टिक अंथरा. ताडपत्री ड्रायव्हरकडे असतेच, पण ती कुठे फाटलीय का, ते उघडून बघा.

कपाट पूर्ण रिकामं करा, आतला लॉकरसुद्धा. चाळीसगावला जाताना मी घाईत कपड्यांसकट कपाट आडवं टाकलं. भाराने बिजागरी वाकली आणि ते दार आजही उचलून लावावं लागतं. दाराभोवती आधी जुनी चादर, मग दोरी. किल्ली कुलपात ठेवू नका, तुमच्या पर्समध्ये ठेवा.

गाडीत केबिनला टेकून कपाट आणि फ्रिज दोन्ही उभे, मध्ये गादी. फ्रिज आदल्या दुपारीच बंद करून बर्फ वितळू द्या, आतलं पाणी पुसा, दारांना पट्टी मारा. आडवा अजिबात नको. तिथे पोचल्यावर चार-पाच तास तसाच ठेवून मग चालू करा. वॉशिंग मशीनचा पाइप काढून पाणी निथळू द्या आणि ड्रम हलू नये म्हणून आत ब्लँकेट कोंबा, ब्लँकेटचीही सोय होते.

पुस्तकं लहान खोक्यांत. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की हमाल उचलताना बूड सुटतं. औषधांच्या दुकानातले सलाइनचे खोके मागा, ते मजबूत असतात आणि दहा-वीस रुपयांत मिळतात. काचेच्या वस्तूंना कागद विकत आणू नका, साड्या आणि टॉवेल आहेतच की.

आता शिलाई मशीन. आईंना सांगा, काळजी करू नका. चामड्याचा पट्टा चाकावरून उतरवा. मशीनचं डोकं मागे कलवलं की खाली बिजागरीचे दोन स्क्रू दिसतील, ते सैल केले की डोकं सुटं निघतं. सुई काढा, दाबपट्टीखाली फडकं ठेवून ती खाली करा, बॉबिन केस काढून डबीत ठेवा. मग डोकं गोधडीत गुंडाळून केबिनमध्ये खाली, पाय ठेवायच्या जागी. खालचं स्टँड बिडाचं असतं. बीड वाकत नाही, आपटलं तर थेट तडकतं. त्यामुळे ते उभंच बांधायचं आणि त्यावर काहीही ठेवायचं नाही. जिन्यातून उतरवताना एक हमाल फक्त त्याच्यासाठी, बाकीचं काम थांबवून.

बरण्यांच्या तोंडावर आधी प्लास्टिक, त्यावर झाकण, झाकणाच्या कडेने कणीक थापायची आणि वरून दादरा घट्ट आवळायचा. तिन्ही बरण्या बादलीत उभ्या, मधल्या जागेत जुन्या सुती साड्या. माझ्या आईने परभणीहून असंच लोणचं आणलं होतं, थेंब सांडला नव्हता.

रस्त्याचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. टोल जास्त पडतो. सामान नीट बांधलेलं असेल तर घाटानेही काही होत नाही. मात्र हौद्यात सामानावर कोणीही बसायचं नाही, हमालसुद्धा नाही. तुम्ही, आई आणि मुलगा सरळ ट्रेनने या.

एजन्सीतली

मी गॅस एजन्सीत सहा वर्षं होते म्हणून लिहिते. गाव बदलतंय, त्यामुळे सिलिंडर सोबत न्यायचं नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, ते टर्मिनेशन व्हाउचर देतील आणि डिपॉझिट परत मिळेल. नाशिकला ते व्हाउचर दाखवून कनेक्शन घ्यायचं, डिपॉझिट आजच्या दराने भरावं लागेल. जुनं कनेक्शन असेल तर परत मिळणारी रक्कम फार कमी असते, तो फरक बजेटमध्ये धरा. कनेक्शनचा मूळ कागद आत्ताच शोधून ठेवा. ऐनवेळी तो खोक्यात जातो आणि मग काउंटरवर लोक रडकुंडीला येतात. सिलिंडर संपत आलं की द्या आणि मधले दोन-तीन दिवस इंडक्शनवर काढा. शेगडी तुमचीच, ती न्या. रबरी नळी मात्र नवीन घ्या.

रामनगर_तिसरा_मजला

काल, २८ तारखेला, आम्ही आलो. सगळ्यांचे आभार मानायला आणि झालं ते लिहायला बसलेय.

मिस्टर दोन संध्याकाळी मार्केट यार्डात गेले. टोलसकट ५,५०० मध्ये पिकअप ठरली. ड्रायव्हर सकाळी पावणेआठला दारात. हौदा खरंच ओला होता, एका कोपऱ्यात अख्खी कोथिंबिरीची जुडी निघाली. आमच्या इथले तीन हमाल प्रत्येकी १,०००. नाशिकला दोघे, प्रत्येकी ७००. दोऱ्या, पट्टी, प्लास्टिक, खोके मिळून ७४०. चहा-नाश्ता ३८०. आणि सुताराचे ६००, जे मी धरलेच नव्हते. दिवाण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. वर येताना तो सुटा आणून घरात जोडला होता, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. कोपऱ्यावरचा सुतार आला, त्याने चार बोल्ट काढले, पण त्यात पाऊण तास गेला. जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्यायला हवं होतं. एकूण ११,६२० झाले. उरलेल्यातून गॅसचा फरक भागेल.

मशीनचं स्टँड उतरवताना सासूबाई वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. हमालांमधल्या सगळ्यात वयस्कर दादांनी ते एकट्याने पाठीवर घेतलं आणि प्रत्येक वळणावर थांबून खाली टेकवलं. खाली पोचल्यावर आईंनी त्यांना पाणी नेऊन दिलं.

काका, तुम्ही सांगितलं तसंच डोकं काढलं होतं. आज सकाळी आईंनी स्वतः बसवलं. पट्टा सैल वाटला म्हणून टोकाचा बोटभर तुकडा कापून तार पुन्हा अडकवली, तेल घातलं आणि एका जुन्या ओढणीवर दहा-बारा टाके घालून बघितले. टाका सरळ पडला. आता खिडकीचं माप घेतायत. बरण्या ट्रेनने आमच्यासोबत आल्या, लिंबाच्या लोणच्याची कणीक थोडी तेलकट झाली, बाकी काही नाही.

फ्रिज संध्याकाळी सुरू केला, चालतोय. गॅसचं व्हाउचर घेऊन मी उद्या जाणार आहे.

घरात २२ रिकामे खोके पडलेत, सगळे धड आहेत. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूला कोणी घर हलवत असेल तर इथे लिहा, येऊन घेऊन जा. दोरीही आहे.